कसं ठरवलंत?

आमच्या आतोबांइतका चौकस माणूस पालघरपासून तारापूरपर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊ नये अशीच पुष्कळांची इच्छा असे. तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं. जो तो त्याच गप्पा मारी. आतोबांना त्याचं काही नव्हतं. कुणाला कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी मुंबईला ऑपरेशन सांगितलं, असं कानावर आलं की हे वाडीतले चिकू पिशवीत घालून त्या घरी हजर. ना सल्ला, ना धीर, ओटीवर बसून एकच प्रश्न, "कसं ठरवलंत?" एका जावयाने पिशवी गल्लीत भिरकावली, तर चिकू गोळा करून परत आले आणि म्हणाले, "म्हणजे रागात ठरवलंत तर!"

दांडी गावच्या एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, घशात गाठ होती. तो म्हणाला, "नारळी पुनवेला नारळ दिल्याबिगर आमी होडी दर्यात घालत नाय, मंग पुनवेच्या आदी मी सुरीखाली कसा जाऊ?" सफाळ्याची एक बाई गाभण म्हैस व्यायची वाट बघत थांबली होती. असली कारणं ऐकून मी चिडलो की आतोबा शांतपणे म्हणत, "माणूस रोगाकडे बघून ठरवत नाही रे. मागं काय राहतंय, ते बघून ठरवतो."

मग आत्याच्याच छातीत गाठ निघाली. त्या काळी रोग्यासमोर कॅन्सरचं नावही काढत नसत. जगाला विचारत फिरलेले आतोबा आम्हाला दटावून म्हणाले, "तिला डोळे तपासायला नेतोय म्हणून सांगा." आत्या चहा घेऊन बाहेर आली. "छातीतल्या गाठीला चष्मा लावतात व्हय? सगळ्या गावाला विचारता, मला का नाय विचारत?"

आतोबांनी तिच्या हातातला कप घेतला. मग तिलाच म्हणाले, "कसं ठरवलंस?"

"येते मी मुंबईला. तुमाला साधा चहा करता येत नाय, म्हणून येते."

ऑपरेशन झालं. आत्या अंथरुणावरून सांगायची आणि आतोबा चुलीपुढे धुराने चुरचुरणारे डोळे पुसत शिकायचे. पहिले कित्येक दिवस तो चहा आम्ही लपवून चिकूच्या बुंध्याशी ओतला. दोन वर्षं बरी गेली. मग दुखणं उलटलं. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन सुचवलं, खात्री मात्र दिली नाही. आत्या नको म्हणाली. आतोबांनी तिचा हात धरून तोच प्रश्न विचारला.

"आता तुमाला चहा जमतो की," आत्या म्हणाली.

ती गेल्यावर आतोबांनी तो प्रश्न पुन्हा कुणालाही विचारला नाही. चिकू घेऊन मात्र जात, बसत, उठून येत. मी गेलो की चहा करत. फार सुरेख करत. पण चांगला झालाय असं म्हटलेलं त्यांना सोसत नसे, म्हणून मी गुपचूप पीत असे.