संध्याकाळच्या वर्गातली आफ्रिका

वर्गात शिकवलेलं व्याकरण आता मला धड आठवत नाही, पण वर्गात कोण काय बोललं ते अजून शब्दन्‌शब्द आठवतं. परवा आम्ही जुन्या मैत्रिणी जमलो होतो. एकीने विचारलं, "तू त्या संध्याकाळच्या इंग्लिशच्या वर्गाला काय शिकवायचीस गं?" म्हटलं, "आफ्रिकेतल्या गोष्टी." ती हसायला लागली. तिचं हसणं थांबवायला मी एक किस्सा सांगितला. त्याच्या मागून दुसरा आला, मग तिसरा. बटाट्याच्या पोत्याची शिवण एका टोकाला उसवली की पुढचं काही आपल्या हातात राहत नाही, तसं झालं!

तर वर्ग कर्वेनगरात. एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत, दिवसभराची मुलं घरी गेल्यावर भरणारा. येणारी सगळी मोठी माणसं. ज्यांना शाळेत इंग्लिश आलं नाही आणि पुढे त्यावाचून अडलं, अशी.

*

पहिल्या वर्षी आम्हाला जे पुस्तक लावलं होतं त्यात एका गोष्टीत बर्फ पडत असतो आणि एक कुटुंब शेकोटीपाशी चेस्टनट भाजत बसलेलं असतं. पहिल्या बाकावर जोगळेकर. पोस्टातून रिटायर झालेले, सदाशिव पेठेत जन्म गेलेला.

"मॅडम, चेस्टनट म्हणजे काय?"

"शिंगाड्यासारखं काहीतरी असतं."

"तुम्ही खाल्लंय?"

"नाही."

"आम्ही नाही खाल्लं, तुम्ही नाही खाल्लं. मग या वर्गात ते खातंय कोण?"

पुढच्या आठवड्यात मी माझ्या कपाटातलं आफ्रिकी लेखकांच्या गोष्टींचं पातळसं पुस्तक काढलं आणि पहिल्या गोष्टीच्या झेरॉक्स वाटल्या. कुठल्याशा गावात सार्वजनिक नळावर बायकांची रांग आहे, आणि पाणी जायची वेळ झालीय. त्या संध्याकाळी एकानेही मला शब्दाचा अर्थ विचारला नाही. नळावर पुढे काय होणार, हे सगळ्यांना आधीच माहीत होतं!

*

तरी जोगळेकरांची एक शंका होतीच. "आफ्रिकेतल्या माणसांनी इंग्लिशमध्ये का लिहावं? त्यांच्याकडे इंग्लिश आलं कुठून?"

उत्तर मागच्या बाकावरून आलं. "जिथून पुण्यात आलं तिथूनच, काका!"

बोलणाऱ्या रेहानाबाई. कॅम्पात त्यांच्या घरचं चष्म्यांचं दुकान, चार पिढ्या पुण्यात. दोन बस बदलून यायच्या. मी एकदा विचारलं होतं, घराजवळ क्लास नव्हता का? म्हणाल्या, "आहेत की. पण तिथे सगळे ओळखीचे. चुका करायला अनोळखी जागा बरी."

*

याच रेहानाबाईंचा पुढचा किस्सा. एका गोष्टीत आईचा मोठा मुलगा शहरातून कितीतरी वर्षांनी घरी येतो. जेवतो, आणि जाताना विचारतो, "तू मला थांबवलं का नाहीस?" आई काही बोलत नाही. गोष्ट तिथे संपते. मी शिक्षकी सवयीने खाली प्रश्न घातला होता, 'आई गप्प का राहिली? तीन वाक्यांत लिहा.'

सगळ्यांनी लिहिलं. जोगळेकरांनी तर मुद्दे पाडून लिहिलं. रेहानाबाईंचा कागद मात्र कोरा. मला वाटलं, वाक्यं जमली नसतील. जवळ जाऊन हळूच म्हटलं, "मराठीत सांगा, आपण मिळून इंग्लिश करू."

"वाक्यं येतात, मॅडम."

"मग?"

"त्या आईने उत्तर दिलं नाही. मी परस्पर कशी देऊ?"

मी त्यांना पूर्ण मार्क दिले. जोगळेकर त्यावरून दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

*

सुप्रिया वाघोलीची. कॉल सेंटरमध्ये काम करायची. वर्ग सुटला की तिथूनच कंपनीच्या गाडीने कामाला. मला वाटलं होतं, हिला माझी काय गरज! ती म्हणाली, "मॅम, स्क्रिप्ट येते ओ. फुल ॲक्सेंटमध्ये येते. पण स्क्रिप्टच्या बाहेर कस्टमर काही बोलला ना, की मी ब्लँक."

एका गोष्टीत एक मुलगी ऑफिसात लागते, आणि साहेबाला तिचं नाव उच्चारता येत नाही म्हणून तो तिला सोपं नाव देतो. पुढे तिचा बाप तिला भेटायला ऑफिसात येतो आणि तिचं खरं नाव घेऊन विचारतो, तर दारावरचा माणूस म्हणतो, "या नावाचं इथे कुणी नाही." सुप्रिया ही गोष्ट मोठ्याने वाचत होती. या वाक्याशी आली आणि थांबली. मला वाटलं शब्द अडला. मी पुढचा शब्द सांगितला, तरी थांबलेलीच.

मग म्हणाली, "मॅम, कॉलवर मी सँड्रा असते."

पुढच्या सोमवारी वर्गात आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. तिने एका कॉलवर स्वतःचं नाव सांगितलं होतं आणि टीम लीडरने तिला आत बोलावून समज दिली होती. पुन्हा असं झालं तर बघू, म्हणाला होता. घरात नोकरी तिला एकटीलाच होती. मी विचारलं, "आणि तो कस्टमर? त्याने फोन ठेवला?"

"नाही ना, मॅम. त्याने स्पेलिंग विचारलं."

"मग?"

ती पहिल्यांदा हसली. "दिलं! एस फॉर सुप्रिया."

*

आता इमॅन्युएल. हा आमच्या वर्गातला एकटाच खराखुरा आफ्रिकेतला. बुरुंडीचा. कॉम्प्युटर शिकायला पुण्यात आलेला, पण शाळा सगळी फ्रेंचमध्ये झालेली. त्यामुळे त्याच्या खंडातल्या गोष्टी तो माझ्याकडून, पुण्यात, इंग्लिशमधून वाचायचा. "मला या कुणीच सांगितल्या नव्हत्या," असं तो एकदा म्हणाला होता.

एका गोष्टीत एक प्रवासी परक्या शहरात खोली शोधत दारोदार फिरतो. गोष्ट वाचून झाल्यावर मी संभाषणाचा सराव घेतला. एकाने भाडेकरू व्हायचं, एकाने घरमालक. पहिली जोडी इमॅन्युएल आणि जोगळेकर.

इमॅन्युएलने हवेतच दार वाजवलं. "गुड इव्हनिंग, सर. इज द रूम अव्हेलेबल?"

जोगळेकर एरवी प्रत्येक वाक्याआधी थांबायचे. मनात मराठी जुळवायचे, मग भाषांतर करायचे. त्या दिवशी क्षणभरही थांबले नाहीत. "सॉरी. इट इज ऑलरेडी गिव्हन."

वर्ग हसला. इमॅन्युएल नाही हसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट खरोखरचं कौतुक असल्यासारखं तो म्हणाला, "अंकल, धिस सेन्टेन्स, युवर इंग्लिश इज परफेक्ट."

पुढची पाळी रेहानाबाईंची होती. त्या जागच्या उठल्या नाहीत. "माझी टर्न राहू द्या, मॅडम. हा धडा माझा पाठ आहे. मागच्या वर्षी आम्ही मोठं घर बघत होतो."

जोगळेकरांची वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे, हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. त्यांनीच चहाच्या वेळी सांगितलेलं.

त्यानंतर ते वर्गाला आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "सर्दी आहे." सर्दी बरेच दिवस टिकली. मग एका संध्याकाळी आले, पिशवी बाकावर ठेवली आणि सरळ इमॅन्युएलसमोर जाऊन उभे राहिले. या वेळी मात्र वाक्य जुळवायला त्यांना फार वेळ लागला.

"द रूम... इज नॉट गिव्हन. यू... कम अँड सी."

इमॅन्युएल रविवारी गेला, खोली पाहिली, जोगळेकरांच्या हातचा चहा प्याला. खोली त्याने घेतली नाही. त्याची सोय मित्रांबरोबर झाली होती. पण रविवारचा चहा चालू राहिला. मी जोगळेकरांना विचारलं, "खोली मग देणार का कुणाला?" तर म्हणाले, "चौकशी करणाऱ्याला दाखवतो. आधी दाखवतो, मग बोलतो." एवढंच.

*

जोगळेकर या वयात इंग्लिश कशाला शिकत होते, ते मला उशिरा कळलं. मुलगा अमेरिकेत, नातू तिथलाच. त्याला मराठी येत नव्हतं आणि आजोबांचं इंग्लिश 'हाऊ आर यू'पाशी संपायचं. कॉम्प्युटरवर दोघं एकमेकांचे चेहरे बघत बसायचे. मग नातू खेळायला पळायचा. आजी असती तर तिने खाणाखुणांनी तरी जमवलं असतं, पण ती गेलेली.

आमच्या एका गोष्टीत एक म्हातारा कासवाची गोष्ट सांगतो. जोगळेकरांनी ती पाठ केली. माझ्याकडून उच्चार घोटवून घेतले, इमॅन्युएलकडून कासवाची चाल शिकून घेतली, आणि रविवारी कॉम्प्युटरसमोर बसून नातवाला सांगितली. नातू हलला नाही. शेवटी म्हणाला, "वन मोअर!"

हे आम्हाला सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. "आणि मॅडम, त्याने विचारलं, आजोबा, आर यू फ्रॉम आफ्रिका?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"यस म्हटलं. नो म्हटलं असतं तर मग मी कुठला, ते समजावायला लागलं असतं. तेवढं इंग्लिश अजून झालेलं नाही."

*

आता शेवटचा. हा मी मैत्रिणींना सांगितला तेव्हा त्यांनी पुढचा मागितला नाही. तुम्हीही मागू नका.

वर्गात पासलकर नावाचे एक गृहस्थ होते. शाळेची बस चालवायचे. मालकाने परदेशी पाहुण्यांची गाडी देऊ केली होती म्हणून इंग्लिश शिकायला आले होते. मूळचे खडकवासल्याच्या पलीकडचे, डोंगरातले. कोपऱ्यात बसायचे, सगळं उतरवून घ्यायचे, पण तोंड उघडत नसत. काही विचारलं तर "हाय, मॅडम, लक्षात हाय," म्हणून मान खाली.

त्या दिवशीची गोष्ट धरणाची होती. नदीवर धरण बांधतात, पाणी चढत येतं आणि एक गाव उठतं. वाचून झाल्यावर मी प्रश्न टाकला, "तुम्हाला असं घर सोडावं लागलं तर काय बरोबर न्याल? एका वाक्यात." जोगळेकरांनी पत्नीचा फोटो सांगितला. रेहानाबाईंनी सासऱ्यांची चष्म्यांची पहिली पेटी. सुप्रियाने मोबाइल सांगितला, मग खोडून आई सांगितली.

पासलकरांना मी टाळूनच पुढे चालले होते. तेच उठून उभे राहिले.

"मॅडम, माय व्हिलेज. सेम. डॅम."

मी खडू खाली ठेवला.

"आय वॉज स्मॉल. लास्ट मॉर्निंग. ऑल पीपल टेकिंग... भांडी, गुरं, दाराच्या चौकटी. फादर टेकिंग द डोअर. माय मदर..." इथे ते अडले. हात जमिनीला समांतर धरून त्यांनी अर्धवर्तुळ काढलं, पुन्हा एक काढलं. "मॅडम, सारवणं. सारवण्याला काय म्हनत्यात?"

मला शब्द येईना. प्लास्टर म्हटलं, ते त्यांना पटलं नाही. स्मिअर म्हटलं, ते मलाच पटलं नाही. वॉश नव्हे, क्लीन नव्हे, पेंट तर नव्हेच. सुप्रिया मोबाइलमध्ये शोधायला लागली. जोगळेकर म्हणाले, "इंग्रजांनी कधी सारवलं असेल तर शब्द असणार ना!"

इमॅन्युएल पासलकरांच्या हाताकडे बघत होता. त्याने विचारलं, "काऊ? विथ काऊ डंग? ऑन द फ्लोअर?"

"यस! यस!"

"माय ग्रँडमदर," इमॅन्युएल म्हणाला, आणि हात तसाच धरून त्याने तेच अर्धवर्तुळ काढलं. मग त्याच्या भाषेतला एक शब्द सांगितला. तो मला आता लिहून दाखवता येणार नाही. पासलकरांनी तो दोनदा म्हणून पाहिला, आणि आपल्या वाक्यात बसवला. आजूबाजूचे शब्द इंग्लिश, मधला बुरुंडीचा. मराठीत सांगायचं तर, माझी आई घर सारवत होती. सगळं घर. ओसरी, माजघर, चुलीपुढची जागा. पाणी तेव्हा खालच्या शेतात आलेलं होतं. बाप ओरडत होता, ट्रक थांबलाय. ती म्हणाली, एवढा कोपरा राहिलाय.

इमॅन्युएलला राहवलं नाही. "बट व्हाय? व्हाय शी डिड इट? द वॉटर इज कमिंग!"

पासलकरांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न कळला नाही असं नव्हतं. त्यात विचारण्यासारखं काय आहे, एवढंच बहुधा त्यांना कळलं नव्हतं.

"यस," ते म्हणाले. "द वॉटर इज कमिंग. सो."