दोन हात वार्निश

आमच्या साडूंच्या नाकापुढे जळकी मोटार खोटं बोलूच शकत नाही, अशी अख्ख्या कर्जत तालुक्याची श्रद्धा आहे. मिरजगावात त्यांचं मोटारी भरायचं, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान. विहिरीवरची मोटार टेम्पोतून उतरते न उतरते तोच ते हुंगून सांगतात की पाणी आटल्यावरही ही चालू राहिली, आणि मालक तेव्हा सासुरवाडीला जेवत होता. मालक मान खाली घालतो. नवी तार भरून झाली की साडू तिला दोन हात वार्निश देतात; तेवढी माया आमच्या मेहुणीच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही.

गावातली एक मुलगी शिकून परराज्यातल्या प्रयोगशाळेत लागली. ती एकदा तिथल्या यंत्राचा नकाशा घेऊन दुकानात आली. हवा काढून घेतलेल्या पोलादी पिंपात चिमूटभर तापलेला वायू, आत दोन कॉइली. उलट्या दिशांच्या चुंबकरेषा एकमेकींना भिडणार, तुटणार, नव्याने जुळणार, आणि त्या झटक्यात ऊर्जा उधळणार. सूर्यावर असंच घडतं म्हणे. तिला ते पिंपात घडवून मोजायचं होतं, आणि त्यासाठी कॉइली साडूंकडून भरून हव्या होत्या.

"म्हंजी शॉर्ट," साडू म्हणाले.

"शॉर्टच समजा, मामा. पण मुद्दाम करायचा."

उभा जन्म शॉर्ट निस्तरण्यात गेलेला माणूस खांबाला टेकला.

तार उघडी ठेवा, वर फक्त चिनी मातीचे मणी ओवा, असं तिने तीनदा बजावलं. साडूंनी मणी ओवले आणि तिची पाठ वळताच वार्निश दिलं. तिकडे प्रयोगशाळेत हवा ओढणारा पंप चार दिवस चालला तरी पिंप रितं होईना. वार्निश आत वाफ सोडत बसलेलं. तिचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो.

"मामा, वार्निश दिलंत?"

"दिलं की. गावची पोर म्हणून एक हात जास्तीचा."

"सोमवारी यंत्र दुसऱ्यांकडे जाणार. मग वर्षभर माझा नंबर नाही, मामा."

साडू पाणीही न पिता निघाले. मांडीवर तारेचं रीळ, खिशात उरलेले मणी, सोबतीला मी. पिशवीतला वार्निशाचा डबा मी गुपचूप काढून ठेवला होता, तरी तिकडे पोचल्यावर धोतरातून एक छोटी बाटली निघालीच. मुलीने ती जप्त केली. साडूंनी तिथेच बसून कोऱ्या तारेच्या कॉइली भरल्या.

रविवारी काचेपलीकडे जांभळं काहीतरी चमकलं आणि पापणी लवायच्या आत संपलं. पडद्यावरची रेघ बघून ती टुणकन उडाली.

"मिळालं, मामा!"

"कॉइली शाबूत हायेत का?"

"एकदम."

"मग परत कवा बघाया मिळतील?"

"आता पुढच्यांनाही त्याच वापरायच्यात. बिघडल्या तरच पिंप उघडतील."

साडूंच्या हातचं एकूणएक काम कधी ना कधी जळून दुकानात परत येतं. ते पिंपाकडे बराच वेळ बघत राहिले.

"ऱ्हाऊ दे मग," म्हणाले, "न्हाई बघत."