सासूबाईंचा टब आणि माझा पाना

घोडबंदर गावात, आमच्या अंगणात, तुळशीच्या पलीकडे एक हॉट टब आहे.

हसू नका. वरसाव्याकडचं एक रिसॉर्ट बंद पडलं, सामान विकायला निघालं, आणि आमच्या ह्यांनी तो टब टेम्पोत घालून आणला. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी! आई पहिल्यांदा त्यात बसल्या तेव्हा म्हणाल्या, "अगो बाय, मला उकडायला घातलंय काय?" पण थोड्याच दिवसांत त्या काठीशिवाय अंगणात फिरायला लागल्या आणि जाहीर करून मोकळ्या झाल्या, "तन्वीच्या हळदीत मी नाचनार!" तन्वी म्हणजे माझी लेक. आमच्याकडे एक वेळ लग्न चुकलं तर चालतं, हळदीला नाचलंच पाहिजे.

आणि हळद तोंडावर आली असताना टबाचा पंप बंद पडला. पंप फिरला नाही की हीटर पेटत नाही, हीटर पेटला नाही की गुडघे वाकत नाहीत. आईंनी परत काठी धरली.

"मेकॅनिक बोलवू?" हे म्हणाले.

"कशाला? मी मेलेय का?"

(आमच्या घरात पाना माझ्या हातात असतो. मिक्सर, इस्त्री, गिझर, सगळं मी उघडते. उघडलेलं सगळं परत बंद होतंच असं नाही.)

मोटर नुसती गुरगुरत होती. "कपॅसिटर गेलाय," मी काहीही न उघडता सांगून टाकलं. नवा घातला. आता ती जास्त जोरात गुरगुरायला लागली! मग पंप खोलला. आतला पंखा गंजून जाम, शाफ्टला तांबडे-पांढरे पोपडे! "खाडीची हवा," मी दुसरं निदान केलं. खाडी घरामागेच आहे, तिच्यावर कशाचंही खापर फोडता येतं. पॉलिश पेपरने सगळं घासलं आणि सील-बेअरिंग आणायला भाईंदर गाठलं.

दुकानदाराने शाफ्ट उलटसुलट पाहिला. "भाभी, पंप समुंदर में डाला था क्या?"

"खाडी की हवा है, भाईसाब."

"हवा इतना नहीं खाती."

"आप बेअरिंग दो ना!"

बसवलं, बटण दाबलं, आणि पंप फिरला हो! मी आळीतल्या बायकांना बोलावून बोलावून दाखवला. त्यांनीही टबात पाय सोडून तासभर गप्पा मारल्या.

हळदीच्या दिवशी सकाळी ठप्प! जळका वास. खरवडलेल्या शाफ्टवर माझं सील नीट बसलंच नव्हतं, पाणी थेट मोटरमध्ये शिरलेलं. पाईप सोडवताना एक चिळकांडी माझ्या तोंडात उडाली. खारट!

"आई! पाण्यात काय टाकता तुम्ही?"

"मीठ," आई म्हणाल्या, वरणात काय टाकता असं विचारल्यासारखं.

"किती?"

"पाटीभर. न्हायतर गुडघा सुटंल काय? मिठागरवाली मानसं आपन, गोड्या पान्यात कोन बसतं?"

आमची मिठागरं कधीच गेली, पण आईंची मिठावरची श्रद्धा शाबूत! त्यात पाय बुडवायला येणारी प्रत्येक बाई आईंची दृष्ट काढून मूठभर मीठ त्याच पाण्यात सोडायची.

"आणि एवढं मीठ घरात आणतंय कोण?" मी कडाडले.

"तूच की! मी बोलले लोनच्याला पायजे, तू गोनी आनून टाकलीस."

मी पान्यासकट मटकन खाली बसले. संध्याकाळी हळद, मोटर जळलेली. आईंचे डोळे भरून आले. "र्‍हाऊ दे गो. मी खुर्चीत बसून बघीन." हे ऐकलं आणि मला रडूच फुटलं.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या हंसाबेननी गॅलरीतून डोकावलं. "अरे, रडते काय? मारा घरे गिझर छे ने!" आणि गिझरच्या कढत पाण्याची बादली घेऊन खाली आल्या. मागोमाग समोरच्या चिपळूणच्या काकू वाफाळतं पातेलं घेऊन. मग सगळी आळीच! हळदीच्या जेवणाच्या आचाऱ्याने तर आमटी बाजूला ठेवून आधी टबासाठी टोप चढवला. दुपारपर्यंत टब भरला. आई आत ऐसपैस बसून प्रत्येकीला सांगत होत्या, "अजून जरा कढत आन गो!" त्या बायकांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू? आजही दारात कोणी बादली घेऊन दिसलं की मला गहिवरून येतं. (नवी मोटर लग्नानंतर बसली. मेकॅनिकने बसवली. मी टॉर्च धरला.)

संध्याकाळी बँजो वाजला आणि आई नाचल्या! पदर खोचून, तन्वीचा हात धरून, हळदीने माखून नाचल्या. दम लागल्यावर त्यांनी माईक मागितला.

"माझी सून लय गुनाची हाय," त्या म्हणाल्या. मी लाजून मान खाली घातली. "मेकॅनिक आला असता तर पंप चालला असता, आन मी एकटीच टबात बसली असती. हिनं हात लावला, म्हनून आख्खी आळी माझ्या पायाशी आली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या वर्षांत माझ्या दुरुस्तीला पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या!