घारी उतरल्या की

आमच्या वन्सं पाखरं बघतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. का बघतात ते मला फार उशिरा कळलं. कळल्यापासून देवासमोर बसले तरी माझे डोळे नीट मिटत नाहीत. मागचं दार उघडं असलं की कान पाण्याकडे जातो.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आमच्या घराचं मागचं दार नदीवर उघडतं. दाराला लागून दगडी पायऱ्या आहेत. भरतीला खालच्या पायऱ्या पाण्यात जातात, ओहोटीला पार पलीकडेपर्यंत चिखल उघडा पडतो. पायरीवर बसलं की उजव्या हाताला नदीचं मुख दिसतं, मुखाशी वाळूचा एक लांबट दांडा, आणि त्याच्यापलीकडे समुद्र. वन्संचे यजमान होडीवर होते. या काठाची माणसं त्या काठाला पोचवायची, त्या काठाची इकडे आणायची, हाच जन्मभराचा धंदा. माणूस मोठा गमत्या. होडीत बसलेली एखादी बाई घाबरून म्हणाली, की बुडणार नाही ना, तर ते गंभीर चेहरा करून सांगायचे, "बुडालो तर भाडं परत." मग ती बाई आणखीच घट्ट धरून बसायची.

एका संध्याकाळी पलीकडून रिकामी होडी घेऊन येताना मुखाशी वारा फिरला. होडी सापडली. वल्हं सापडलं. एक चप्पल पायऱ्यांजवळच्या झुडपात अडकलेली सापडली. ते सापडले नाहीत.

वन्सं तेव्हापासून आमच्याकडे आहेत. त्यांची लेक दूर, डोंगराच्या पलीकडे दिली आहे. ती सारखी बोलावते. तिकडे नदी नाही, आई, तिकडे तुला झोप लागेल, असं म्हणते. तिचं खरं आहे. जावई माणूस चांगला, घर मोठं, नातवंडं आजीला ओळखेनाशी झालेली. पण वन्संचं उत्तर ठरलेलं. त्या म्हणतात, "यांना पोचवलं की येते." जसं काही ते बाजारात गेलेत आणि पिशवी घेऊन येतीलच. आधी आम्ही समजूत घालायचो. ह्यांनी एकदा जरा आवाज चढवून सांगितलं, की ताई, समुद्र नेलेलं माणूस परत देत नाही. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मग आम्ही तो विषय सोडला.

वन्सं कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून काजं करायला आणतात. शर्टांचा गठ्ठा मांडीवर, सुई बोटांत, आणि नजर पाण्यावर. सुईकडे न बघता काज असं घालतात, की शिंप्याच्या मशीनलाही जमणार नाही. फक्त एकदा फसल्या. एका शर्टाला मधलं काजच राहिलं. शिंपी दारात येऊन म्हणाला, "ताई, तुमच्या पाखरांपायी माझ्या गिऱ्हाइकाचं पोट लग्नात उघडं पडलं." आम्ही पोट धरून हसलो. वन्संही हसल्या. त्यांना हसताना पाहून मी आत जाऊन देवाला हात जोडले. म्हटलं, चला, बाई सावरली. मन कशात तरी रमलं.

आम्हा सगळ्यांना तसंच वाटायचं. पाखरांनी त्यांना वाचवलं, असं मी चार घरी सांगत फिरले. ह्यांनी तर हौसेने एक जुनी दुर्बीण आणून दिली. तिची एक काच जराशी तडकलेली आहे, पण वन्संना ती गळ्यातून काढवत नाही. थंडीच्या दिवसांत कॅमेरे घेऊन लोक काठावर येतात, तेही आमच्या पायऱ्यांवर थांबतात. त्यांच्यातली एक कॉलेजची मुलगी वन्संना फार मानायची. तिने नावं शिकवली आणि वन्संनी जागा दाखवल्या, असा दोघींचा व्यवहार. तुतवार चिखलात कुठे चरतात, खंड्या कुठल्या खांबावरून सूर मारतो, पाणमांजर कुठल्या बिळातून डोकं काढतं. ती मुलगी एकदा म्हणाली, की आजी, तुमचा सगळ्यात आवडता पक्षी कोणता?  वन्सं म्हणाल्या, "आवडायला काय आहे त्यात?" मुलीला ती गंमत वाटली. मलाही.

पण त्यानंतर काही गोष्टी माझ्या लक्षात यायला लागल्या. वन्संनी कधी कुठल्या पाखराला सुंदर म्हटलं नाही. सुरय पक्ष्यांचा थवा वळताना चांदीसारखा चमकतो, मी हातातलं भांडं ठेवून बघत राहते, त्या मान वळवून दुसरीकडे बघतात. नवीन पाखरू दिसलं की त्यांचा एकच प्रश्न, हे खातं काय. एकदा मी त्यांच्या शेजारी बसून तांदूळ निवडत होते. त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या सांगत होत्या, की तुतवार किडे खातो. खंड्याला जिवंत मासा लागतो. बगळा हलणाऱ्यालाच टोचतो. पाणकावळा बुडी मारून आणतो. कुरव काहीही खातो. कावळा काहीही खातो. आणि घार आधी डोळ्यांवर बसते.

माझा हात सुपात थांबला. मी म्हटलं, "वन्सं, काय हे बोलणं, तिन्हीसांजेला." त्या म्हणाल्या, "खरं तेच बोलले." आणि दोरा दातांनी तोडला.

त्यानंतर मी नीट बघायला लागले. टिटवी ओरडली तरी त्या सुई थांबवत नसत. बगळे आले, गेले, त्यांना पर्वा नाही. पण वर आभाळात घार गोल फिरायला लागली की त्यांचं सगळं अंग ताठ व्हायचं. तिच्याबरोबर दुसरी आली, तिसरी आली की उभ्या राहायच्या. त्या पांगल्या की पुन्हा खाली बसायच्या. पाखरांची सगळ्या रंगारूपांची जात त्यांनी दोनच खणांत वाटून टाकली होती, जिवंत खाणारी आणि मेलेलं खाणारी. आणि दुसऱ्या खणावरून त्यांची नजर हलत नव्हती. हे रमणं नव्हतं. पण काय होतं, ते विचारायची माझी छाती झाली नाही. मी आपली रोजच्यासारखी यजमानांच्या नावाने दिवा लावत राहिले, की त्यांना शांती मिळो, आणि हिलाही.

मग गेल्या हिवाळ्यातली ती सकाळ आली.

ओहोटी लागली होती. मी ओट्याशी होते. मागच्या दारातून वन्संचा आवाज आला, मोठा नाही, रोजचाच. "वहिनी, घारी उतरल्या." मी बाहेर आले. मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर घारी बसल्या होत्या. फिरत नव्हत्या, बसल्या होत्या, एकमेकींना पंखांनी ढकलत. वरून आणखी येत होत्या. कावळे बाजूला पाळी धरून. वाळूवर त्यांच्यामध्ये काहीतरी काळपट, लांब पडलं होतं. माणसाएवढं.

यजमानांना जाऊन वर्षं झाली होती. आता तिथे काय असणार होतं, हे मलाही कळत होतं आणि वन्संनाही कळत असणार. पण त्या पायऱ्या उतरून चिखलात पोचल्यासुद्धा होत्या. सुई शर्टात तशीच, शर्ट पायरीवर तसाच. मी गॅस बंद केला आणि धावले.

खालच्या अंगाला आमचा जाळेवाला होडीतलं पाणी उपसत होता. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण नाही. गावभरच्या बातम्या त्याच्याकडून कळतात, आणि सगळ्या त्याने स्वतः पाहिलेल्या असतात. वन्संनी त्याला एवढंच सांगितलं, की दांड्यावर ने. तो वाटभर बोलत होता. काल जाळं कसं फाटलं, वारा कसा पडला, त्या दांड्यावर काय नाय, काहीतरी वाहून आलं असेल. वन्सं होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मी मधल्या फळीवर मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते, आणि खरं लिहायचं तर नावामागून नाव निसटत होतं.

होडी वाळूला लागली. वन्सं पाण्यातच उतरल्या. घारी उडाल्या नाहीत, नुसत्या जरा सरकल्या.

तो डॉल्फिन होता. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. कातडी माणसासारखी गुळगुळीत, कुशीवर पडलेला, तोंडाची ठेवण अशी की हसल्यासारखी वाटत होती. डोळा नव्हता.

मला वाटलं, आता वन्संना हायसं वाटेल. नाहीतर मटकन खाली बसतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. त्यांनी होडीतली बांबूची काठी ओढून काढली आणि घारींवर चालून गेल्या. ओरडल्या नाहीत. नुसती काठी फिरवत होत्या, वाळूवर आपटत होत्या. घारी उठायच्या, डोक्यावरून एक फेरा मारायच्या आणि पलीकडच्या बाजूला बसायच्या. वन्सं पलीकडे जायच्या. तोवर कावळे इकडून यायचे. साडीचा घोळ भिजून जड झाला होता, दुर्बीण छातीवर आपटत होती. मी त्यांचा दंड धरायला गेले तर त्यांनी हात झटकला.

रेडिओला आधी हसू आलं होतं. मग तो कळवळून पुढे आला. म्हणाला, "ताई, चला आता. मासा आहे नुसता."

वन्सं थांबल्या. त्याच्याकडे वळल्या. आवाज अगदी साधा होता.

"तेव्हाही मासाच होता का रे?"

रेडिओचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आणि त्याच क्षणी मलाही आठवलं.

यजमान गेले त्या आठवड्यातली गोष्ट. घरात माणसांची रीघ लागली होती. रेडिओ मागच्या पायरीवर चहा घेत ह्यांच्याशी बोलत होता. धीर द्यायलाच आला होता बिचारा, पण त्याला गप्प बसून धीर देता येत नाही. आम्ही कुठे कुठे शोधलं, हे सांगता सांगता तो म्हणाला, की त्या दांड्याच्या मागच्या अंगाला पण घारी बसल्या होत्या, दोन दिवस बसल्या होत्या, पण भरती जोरात होती, आम्ही म्हटलं असेल मेलेला मासा, गेलो नाही. ह्यांनी त्याला डोळ्याने दाबलं. तो गप्प झाला. वन्सं आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आम्हाला वाटलं झोपल्यात. मी त्यांच्या अंगावर चादर घातली होती.

म्हणजे या बाई नदीकडे बघत बसल्या होत्या त्या यजमान सापडतील म्हणून नाही. ते कधी, कुठे आणि कुणाला सापडले, हे त्यांनी त्याच दिवशी मनाशी धरून टाकलं होतं. कुणी हाकलायला नव्हतं, एवढंच त्यांना पोखरत होतं. पाखरांच्या मागे त्या लागल्या नव्हत्या. राखणीला बसल्या होत्या, वेळ टळून गेल्यावर.

  तेव्हा तिथे खरंच मासा असेल, नाहीतर लाकडाचा ओंडका असेल, देवालाच ठाऊक. रेडिओ होडीकडे परतला. मला वाटलं आम्हाला सोडून निघाला. त्याने वल्हं काढलं, पँट गुडघ्यांवर चढवली आणि वन्संच्या समोरच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्या एका अंगाने हाकलायच्या, तो दुसऱ्या अंगाने. मधे त्या जिवाच्या शेपटाकडे मी उभी राहिले, पदर हलवत. आम्हा तिघांना लांबून कुणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणाला असता. ऊन चढलं. वास सुटला. माझ्या तोंडून देवाचं नाव आपोआप यायला लागलं होतं, पण शांतीबिंतीचं मागणं मी सोडून दिलं होतं. मी एवढंच मागत होते, की भरती लवकर येऊ दे.

दुपार कलली तेव्हा पाणी चढलं. आधी शेपूट हललं, मग सगळं अंग उचललं गेलं आणि वाळूवरून सुटलं. आम्ही होडीत चढलो. तो वाहत मुखातून बाहेर निघाला, आणि घारी त्याच्याबरोबर निघाल्या. पाण्यावर बसता येत नाही म्हणून वरून फिरत, खाली झेप घेत, पुन्हा वर. वन्संनी दुर्बीण डोळ्यांना लावली. ठिपका दिसेनासा झाला तरी उतरवली नाही. मग त्या म्हणाल्या, "तिकडे आता कोण जाणार?" रेडिओ वल्ही मारत होता, त्याने मान खाली घातली. 

मी लेकीला कळवलं, की आईला आता घेऊन जा, बहुधा येईल. ती आली. पिशवी भरली. आणि निघायच्या सकाळी वन्संनी पिशवीतून शर्टांचा गठ्ठा काढला आणि पायरीवर जाऊन बसल्या. लेक रडली, रागावली, एकटीच परत गेली. मी मधे पडले नाही. मी आता कुठल्या तोंडाने सांगणार होते, की तिकडे झोप लागेल?

रेडिओचं बोलणं कमी झालंय. लोक त्याला चिडवतात, बॅटरी संपली का रे म्हणून. तो आता रोज सकाळी जाळं घेऊन निघायच्या आधी होडी आमच्या पायऱ्यांना लावतो. दोरी बांधत नाही, नुसता हाताने पायरी धरून उभा राहतो. वन्सं दुर्बीण लावून दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघतात, मग वर आभाळात बघतात. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, की मगच तो पायरी सोडतो.