हशाआडचा खोकला

“थुंक. माझ्यासमोर थुंक,” सलीम ओरडत होता. “गिळू नकोस. इथं बर्फावर थुंक.”

बंकरच्या दाराबाहेर लान्स नायक राजेंद्र गिरासे गुडघे टेकून बसला होता. आवाज ऐकून मी आणि सुभेदार साहेब बाहेर आलो. सलीम आमच्या पोस्टचा नर्सिंग असिस्टंट. त्याला ओरडताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. राजेंद्रनं आमच्याकडे पाहिलं, नाही नाही अशी मान हलवली आणि शेवटी थुंकला. बर्फ पांढरं होतं, त्यामुळे लपवायला काही उरलं नाही. थुंकी गुलाबी होती. फेसाळ.

“साहेब, फुप्फुसात पाणी भरतंय,” सलीम म्हणाला. आता त्याचा आवाज नेहमीसारखा होता. “आजच खाली न्यायचा. उद्यावर टाकायचं नाही.”

पोस्ट ग्लेशियरवर होती. तिचं नाव सांगायची मला परवानगी नाही, आणि सांगितलं तरी तुम्ही कोणी तिथं हवापालटाला जाणार नाही. मी हवालदार. गाव असोदा, जळगावपासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे केळीचा घड असा पोसतो की उतरवायला क्रेन मागवावी लागते. हे मी पोस्टवर सांगायचो तेव्हा सुभेदार साहेब म्हणायचे, “पाटील बोलला की दहानं भागायचं.” मी म्हणायचो, “साहेब, क्रेन लहान होती.” थंडीचं म्हणाल, तर आम्हा जळगावकरांच्या हाडात मे महिन्याचं ऊन जन्मभर साठलेलं असतं. माझ्या शेजारची झोपायची जागा मिळावी म्हणून बंकरमध्ये भांडणं व्हायची. यालाही दहानं भागा.

पुढचं मात्र जसं झालं तसं लिहितो आहे.

पोस्टवर दिवस ठरलेला असे. सकाळी बर्फ वितळवून पाणी. मग बंकरवरचं बर्फ फावड्यानं काढणं, हत्यार साफ करणं, रेडिओवर रिपोर्ट. दुपारी सलीम एकेकाच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा आणि पायमोजे काढायला लावून बोटं पाहायचा. चारच्या चहाला सगळे आत जमायचे आणि मी गोष्ट सांगायचो. साहेबांनी ती माझी ड्यूटीच करून टाकली होती. वर माणूस गप्प बसायला लागला की साहेबांना तो आजारी वाटायचा. ते म्हणायचे, “रायफलला तेल लागतं, माणसाला हसू लागतं.”

माझ्या गोष्टींना सगळ्यात मोठ्यानं हसायचा तो राजेंद्र. दोंडाईचाजवळच्या खेड्यातला, अंगानं ताडमाड, फोटोत छान दिसणारा. हसता हसता वाकायचा, जाड हातमोज्यात तोंड खुपसायचा, डोळ्यांतून पाणी काढायचा. मला वाटायचं, रसिक माणूस आहे. अहिराणी माणसाला विनोद कळतो.

सलीम हसत नसे. कोपऱ्यात मान खाली घालून बसायचा. तोही आमच्या जळगावचा, म्हणून मला त्याचा राग यायचा. एकदा मी त्याला म्हणालो, “काय भो, जळगावचा असून इतका कोरडा?” तो म्हणाला, “ऐकतोय ना, भाऊ.”

त्या दिवशी चहा झाला, मी मांडी घालून सुरुवात करणार, तोच सलीम म्हणाला, “आज गोष्ट नको. सगळ्यांनी जरा गप्प बसा.”

सगळे गप्प बसले. स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळानं राजेंद्र उठला, “लघवीला जाऊन येतो” म्हणाला आणि घाईनं बाहेर गेला. सलीम त्याच्या मागोमाग गेला. मग ते ओरडणं आम्ही ऐकलं.

सलीम माझ्या गोष्टी ऐकत नव्हता. तो छात्या ऐकत होता. राजेंद्र खोकला दाबून ठेवायचा आणि सगळे हसले की त्या हशात मोकळा करायचा. दुपारी चिमट्याच्या वेळी तो दुसऱ्याच्या पहाऱ्याची ड्यूटी मागून घ्यायचा. आम्हाला वाटायचं, दिलदार पोरगा आहे.

“का रे?” साहेबांनी विचारलं. आम्ही त्याला आत आणून मास्क लावला होता.

त्यानं मास्क बाजूला केला आणि माझ्याकडे पाहून अहिराणीत बोलला. साहेब कोल्हापूरकडचे, त्यांना हे कळू नये म्हणून असेल. “भाऊ, माले खाले नका धाडा. गावमां बठ्ठा हसतीन.”

त्याच्या गावच्या स्टँडवर त्याचं फ्लेक्स लागलं होतं. पांढऱ्या पोशाखात तो, मागे बर्फाचे डोंगर, शेजारी एक वाघ. ग्लेशियरवर वाघ कुठून आला ते फ्लेक्सवाल्यालाच माहीत. वर चढायच्या आधी बेस कॅम्पला राजेंद्रनं एक रील टाकलं होतं. ते तालुक्यानं पाहिलं. त्याचे वडील चहाच्या टपरीवर परक्या माणसालाही ते दाखवायचे. वर्गातली अर्धी पोरं भरतीत नापास होऊन घरी बसली होती, त्यांच्या आया त्यांना म्हणायच्या, राजेंद्रकडे बघ. आता हा खोकला झाला म्हणून परत कसा जाणार?

“हसू दे ना भो,” मी म्हणालो. “हसून हसून किती हसतील? मी इतकी वर्षं थापा मारतोय, मला कोणी मेलेला पाहिलं का?”

तो हसला नाही. त्याला तेवढा श्वास नव्हता.

साहेबांनी रेडिओ घेतला.

“कॅज्युअल्टी एक. इव्हॅक्युएशन मागतोय. ओव्हर.”

“वेदर पॅक आहे. हेलिकॉप्टर नाही. कॅज्युअल्टी चालू शकते का? ओव्हर.”

“नाही. स्लेजवर आणतो. ओव्हर.”

“खालून पार्टी निघतेय. अर्ध्या वाटेवर भेटतील. गुड लक. आउट.”

आम्ही लगेच निघालो. राजेंद्रला स्लीपिंग बॅगमध्ये घालून स्लेजवर बांधला, उशाशी ऑक्सिजनचं सिलिंडर. दोघे जवान पुढे, मी मागे ब्रेकला, सगळे एका दोरावर. सलीम स्लेजच्या बाजूनं चालत होता. एका हातानं तो मास्क धरायचा आणि दर थोड्या वेळानं राजेंद्रला विचारायचा, “नाव काय? गाव कुठलं? तालुका?” राजेंद्र उत्तर द्यायचा. एकदा तालुका सांगायला त्यानं फार वेळ घेतला, तेव्हा सलीम म्हणाला, “शिंदखेडा. मला पाठ झालं, तुला नाही?”

वारा समोरून होता. उतार संपून सपाटी लागली तिथं सिलिंडर संपलं. दुसरं सिलिंडर स्लेजच्या पलीकडच्या बाजूला बांधलेलं होतं. सलीमचा दोर तिथपर्यंत पुरेना. मी म्हणालो, “थांब, आम्ही स्लेज फिरवतो.” तो म्हणाला, “तेवढा वेळ नाही.” त्यानं दोराचा हूक काढला आणि स्लेजला वळसा घालून गेला. सिलिंडर बदललं. व्हॉल्व्ह उघडला, मास्कला कान लावून हवा येते का ऐकलं, माझ्याकडे अंगठा दाखवला. परत येण्यासाठी एक पाऊल मागे टाकलं आणि त्याच्याखालचं बर्फ गेलं.

आवाज फारसा झाला नाही. खाली भेग होती, वरून दिसत नव्हती.

मी भेगेत दोर सोडला. हाका मारल्या. उत्तर आलं नाही. राजेंद्र बांधलेला होता, मान वळवून बघायचा प्रयत्न करत होता. एका जवानाला मी भेगेच्या तोंडाशी दोर घेऊन ठेवलं आणि आम्ही उरलेले दोघं स्लेज ओढत पुढे गेलो. ती ऑर्डर मी दिली. राजेंद्रच्या मास्कमध्ये सलीमनं सोडलेली हवा चालू होती, ती संपायच्या आत खाली पोहोचायचं होतं. खालची पार्टी भेटली, तिनं राजेंद्रला घेतलं. आम्ही दोर आणि माणसं घेऊन माघारी आलो. सलीमला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

राजेंद्र वाचला.

तो दवाखान्यातून सुट्टीवर आला, तर गावानं आधीपेक्षा मोठं फ्लेक्स लावलं होतं. मृत्यूला हरवून आलेला शूर जवान. त्यावर सलीमचं नाव नव्हतं. राजेंद्र म्हणाला, काढा. लोकांना वाटलं, विनय आहे. मग मेडिकल कॅटेगरी खाली गेली, त्यानं फौज सोडली आणि घरच्यांना घेऊन दोंडाईचात राहायला आला. त्याच्या पाठोपाठ मीही रिटायर होऊन असोद्याला आलो.

आता मी सकाळी गावाबाहेरच्या मैदानात लोकांना पळवतो. भरतीची पोरंपोरी येतात, शुगरवाले येतात, सुनेशी भांडण झालेले येतात. पळण्याआधी प्रत्येकानं आपलं काय दुखतं ते मोठ्यानं सांगायचं, हा माझ्या मैदानाचा नियम आहे. गुडघा म्हणा, झोप म्हणा, बापाचं बोलणं म्हणा. सुरुवातीला सगळे गुडघाच सांगायचे. पूर्ण असोद्यात एक धड गुडघा नाही असं मला वाटायला लागलं होतं. हळूहळू दुसरं निघायला लागलं. एक मुलगी म्हणाली, दोनदा नापास झाले, आईला अजून सांगितलं नाही. त्या दिवशी तिला पळवलं नाही, तिच्याबरोबर घरापर्यंत चालत गेलो.

एक दिवस राजेंद्रच्या बहिणीचा धुळ्याहून फोन आला. “भाऊ, तो खोलीबाहेर येत नाही. रात्रभर मोबाइल बघतो, दिवसा पडून राहतो. काय झालं विचारलं तर ठीक शे म्हणतो.”

मी गाडी पकडून दोंडाईचाला गेलो. दार उघडलं त्यानं. ताडमाड माणूस सुजल्यासारखा झाला होता.

“कसा आहेस?”

“ठीक शे, भाऊ.”

“तू ठीक शे म्हणालास की मला खाली पोकळ बर्फ दिसतं,” मी म्हणालो. “बूट घाल.”

पहिल्या दिवशी आम्ही रेल्वे स्टेशनपर्यंत चालत गेलो. फलाटावर बसून चहा प्यालो आणि परत आलो. मी त्याच्याकडे मुक्काम ठोकला. दुसऱ्या आठवड्यात बसनं धुळ्याला, मनाच्या डॉक्टरांकडे. बसमध्ये तो तोंडाला रुमाल बांधून बसला. दवाखान्याच्या बाकावर सगळेच रुमालवाले. शेजारच्या गृहस्थांना मी विचारलं, “कोणाला दाखवायचंय?” ते म्हणाले, “मेव्हण्याला. मी सोबत आलोय.” पलीकडची बाई म्हणाली, ती जावेच्या सोबत आली आहे. मेव्हणा दिसेना, जाऊ दिसेना. त्या बाकावर सगळे सोबत आलेले होते, पेशंट एकही नव्हता. मी मोठ्यानं म्हणालो, “मी हवालदार पाटील. मला झोपेत स्लेज दिसते. माझाही नंबर लावा.” हे मी राजेंद्रसाठी बोललो असं त्याला वाटलं. खरंच दिसते. आम्ही दोघांनी केसपेपर काढले.

गोळ्या सुरू झाल्या. तो चालायला लागला, मग जेवायला घरच्यांबरोबर बसायला लागला. काही महिन्यांनी डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, “असं काय आहे, जे केलं तर बरं वाटेल, पण करायची भीती वाटते?” तो म्हणाला, “जळगावला जायचंय. सलीमच्या घरी.”

मी सलीमच्या घरी एकदा जाऊन आलो होतो, युनिटतर्फे, शवपेटीबरोबर. तेव्हा गर्दी होती, अधिकारी होते. त्याच्या वडिलांशी धड बोलणं झालं नव्हतं. या वेळी मी गाडीत बसून मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. वारा कसा, भेग किती खोल, सलीम कसा वाघासारखा. असली भाषणं मला झोपेतही जमतात.

सलीमच्या वडिलांचा गादी भरायचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, कापूस पिंजायचं मशीन आणि ते स्वतः. सगळे त्यांना चाचा म्हणतात. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, त्यांच्या भुवयांवरही बसले होते. ते जमिनीवर पसरलेल्या गादीला मोठ्या सुईनं टाके घालत होते. मला ओळखलं. बसा म्हणाले. हात थांबला नाही.

“त्याला लागलं का फार?” त्यांनी मला विचारलं.

सगळं भाषण तयार होतं.

“माहीत नाही, चाचा,” मी म्हणालो. “मला दिसलं नाही. हाका मारल्या, त्यानं ओ दिली नाही.”

त्यांनी मान हलवली. “तुमच्या गोष्टींबद्दल फोनवर सांगायचा. म्हणायचा, एक हवालदार आहे, फार फेकतो. पोस्टवर तो हवा.”

राजेंद्र अजून दारातच उभा होता. त्यानं चपला काढल्या, पुढे आला आणि गादीच्या कडेला बसला.

“चाचा, मी राजेंद्र. स्लेजवर होतो तो. मला आठ दिवस खोकला होता. मी तो कोणाला कळू दिला नाही. पहिल्या दिवशी सांगितला असता तर चालत खाली गेलो असतो. सलीमला यावंच लागलं नसतं. गावात लोक हसतील म्हणून सांगितला नाही. एवढंच कारण होतं.”

बाहेरून रिक्षा गेली. चाचांनी सुई एकदा खाली घातली, वर काढली, दोरा ताणला. गाठ मारली. त्यांनी राजेंद्रच्या चेहऱ्याकडे पाहिलं, डोळ्यांखालच्या काळ्या खुणांकडे पाहिलं.

“झोप लागते का रे तुला?”

“नाही लागत, चाचा. गोळी घेतली तर थोडी.”

चाचांनी दोरा दातानं तोडला आणि गादीवर तळहात फिरवून कापूस सारखा केला.

“हिचं गिऱ्हाईक उद्या येणार आहे,” ते म्हणाले. “आज तू झोप हिच्यावर.”