चोरून जेवणारी

मुलांना आधी भरवायचं, मग स्वयंपाकघराचं दार लावून मावश्यांनी जेवायचं, असा आमच्या शिशुगृहातल्या अधीक्षकबाईंचा नियम होता. मुलांसमोर मावशीनं घास खाल्लेला त्यांना खपत नसे. नियम तसा चांगलाच. फक्त दिग्रसकडून नव्यानं आलेल्या दीड वर्षाच्या पोरीला तो मंजूर नव्हता, आणि ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

ती आली तीच तोंड मिटून. मऊ खिचडी नको, खीर नको, केळं नको. आता भरवण्यात माझा हात धरणारी अख्ख्या जिल्ह्यात नाही! मी चमच्याची एसटी केली, दारव्ह्याला थांबवली, आर्णीला थांबवली, हॉर्न वाजवत तिच्या ओठांपाशी आणली. फाटक बंद. मग मी माकड झाले, म्हैस झाले, शेवटी माझी सासूही झाले. पोरगी तिकिटाचे पैसे परत मागावेत तशी बघत होती.

शुक्रवारी डॉक्टरांनी वजन केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "सोमवारपर्यंत वजन वाढलं नाही, तर यवतमाळला भरती. नाकातून नळी घालावी लागेल." बोराएवढं नाक ते!

शनिवारी दुपारी ती माझ्या कडेवरून उतरेचना आणि माझ्या पोटात तर आग पडलेली. नियम गुंडाळून मी मागच्या ओसरीत ताट घेऊन बसले. वरणात भाकर कुस्करली, तेवढ्यात दुसरी मावशी दारातून कुजबुजली, "मावशी, ताट लपव वो! बाई येऊन राह्यल्या!"

मी मान वळवली. परत पाहते तो ताटात खड्डा. पोरीचे गाल फुगलेले, चेहरा मात्र ठाणेदाराचा.

मी श्वास रोखून अंगणातल्या निंबाकडे पाहत बसले. आणखी एक घास गेला.

"अरे देवा! माही भाकर कोनं नेली वो? चोर! चोर!" मी छाती पिटली. पोरगी इतकी खदखदली, की निम्मं वरण माझ्या लुगड्यावर.

"मावशी! काय चालू आहे हे?" अधीक्षकबाई दारात उभ्या.

"चोरी चालू हाय, बाई. इकडे पाहू नका, निंबाकडे पाहा."

बाईंनी ताट पाहिलं, पोरीचे गाल पाहिले, आणि मुकाट निंबाकडे तोंड केलं.

दोन दिवस आम्ही सगळ्या मावश्या आळीपाळीनं लुटून घेत होतो. सोमवारी काटा वर सरकला. थोडाच, पण डॉक्टर म्हणाले, "नळी नको. हेच चालू ठेवा."

त्या दुपारी अधीक्षकबाई स्वतःचा डबा घेऊन चटईवर, पोरीच्या शेजारी बसल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत, शाळेत हजेरी घ्यावी तशा सुरात म्हणाल्या, "अगं बाई. माझी पोळी कोणी नेली."

इतका भिकार अभिनय मी जन्मात पाहिला नाही. पोरगी मात्र दुसऱ्या पोळीला हात घालत होती.