शंभरातला एक

दारव्ह्याच्या तहसील कचेरीसमोर, टपऱ्यांच्या रांगेत, माझं टाइपरायटरचं टेबल होतं. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीच्या आत बसल्या. मी बाहेर बसले आणि आतल्यांशी भांडत लोकांचे अर्ज बडवत राहिले. कापसानं सगळ्यांना रडवलं ती वर्षं. लाल दिव्याच्या गाड्या यायच्या, मंडळी आत चहा प्यायची आणि निघून जायची. बाहेर माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अर्जाचा विषय एकच असे, 'मदत मिळणेबाबत'. माझी बोटं तो विषय झोपेतही टाइप करू शकली असती.

एके दिवशी बसस्टँडमागचे लेथवाले चाचा येऊन बसले. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांचे शाफ्ट त्यांच्यासारखे तालुक्यात कोणी घडवत नसे. जिनिंग बंद पडू लागल्या, कामं आटली, तसे ते स्वस्तातलं भंगार आणून त्यातून सुटे भाग करू लागले. एका खेपेत कुठल्याशा परदेशी लढाईतलं लोखंड मिसळून आलं. त्यात मुठीएवढा एक डबा होता, वर रिबिनीसारखी पट्टी. चाचांना तो पंपाचा तुकडा वाटला. त्यांनी हातोडी मारली. पुरता फुटला नाही म्हणून माणूस वाचला, पण उजवा हात मनगटापासून गेला. पंचनाम्यात मात्र लिहिलं गेलं, 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे'. बाकी सगळं त्यांनी सोसलं, हे एक वाक्य त्यांना सोसेना.

रेडिओवरच्या उर्दू बातम्यांत त्यांनी ऐकलं होतं, की देशोदेशीचे अधिकारी अशाच बॉम्बवर बोलणी करताहेत. एका मोठ्या बॉम्बच्या पोटात असे शेकडो छोटे असतात, रानभर पसरतात, आणि न फुटलेले वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. पुष्कळ देशांनी सरळ बंदीचं ठरवलं. बंदी नको, नियम करू म्हणणाऱ्यांत आपला देश होता. त्या नियमांसाठी चाललेल्या बोलण्यांत एक भाषा अशीही होती, की शंभरातला एखादा न फुटता राहिला तर चालेल.

"शंभरातला तो एक मले भेटला, बेटी," चाचा म्हणाले. "त्याईले चालते. मले नाही चालत. लिव."

मी लिहू लागले. 'प्रति, बोलणी करणारे मा. अधिकारी, मार्फत मा. तहसीलदार.' हसू नका. आमच्याकडे देवाला अर्ज करायचा तरी तो तहसीलदाराच्या मार्फतच जातो. मग विषय आला आणि बोटांनी सवयीनं बडवून टाकलं, 'मदत मिळणेबाबत'.

चाचांनी कागद वाचला आणि डाव्या हातानं चुरगाळला.

"मी मांगून नाही राह्यलो. सांगून राह्यलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवा कागद चढवला. विषय: 'न फुटलेला एकही बॉम्ब मंजूर नसणेबाबत'.

आतला आवक बारनिशीचा, म्हणजे येणारे कागद वहीत नोंदवणारा, कारकून सज्जन होता, हीच तर पंचाईत. अर्ज वाचून तो हळूच म्हणाला, "चाचा, हे आपल्या हापिसात बसत नाही. विषय मदतीचा करा, आत्ता शिक्का मारतो. काहीतरी भेटून जाईन तुमाले."

चाचांनी लेथ विकायला काढली होती, हे मला ठाऊक होतं. क्षणभर वाटलं, करावा बदल, काय बिघडतं. तसं वाटल्याचा मला माझाच अजून राग येतो.

"नाही मारत शिक्का?" चाचांनी विचारलं.

"कसा मारू?"

चाचांनी बाही वर सारली, टेबलावरच्या शाईच्या पॅडवर थोटं मनगट दाबलं आणि अर्जाखाली उमटवलं. "घ्या. हा माहा शिक्का. आता सांगा, कोन्त्या हापिसात बसते हे."

जांभळा, वेडावाकडा गोल, मधून टाक्यांची आडवी रेघ. कारकुनानं वही ओढली, आवक क्रमांक टाकला आणि विषयाच्या रकान्यात चाचांचा विषय शब्दन् शब्द उतरवला. आम्हाला पोच मिळाली.

उत्तर आलं नाही. तहसीलदाराच्या टेबलापुढे तो कागद सरकला की नाही, देव जाणे. काही वर्षांनी बातमी आली, की ती बोलणी फिसकटली. पुष्कळ देश अडून बसले, असला ढिला नियम आम्हाला मान्य नाही म्हणाले. आपल्या देशानं बंदीवर सही केली नाही ती नाहीच, आणि ते बॉम्ब अजून बनतात, अजून पडतात. त्यामुळे जिंकलो बिंकलो असं मी म्हणणार नाही. तरी पेपर घेऊन मी बसस्टँडमागे धावत गेले.

चाचा डाव्या हातानं ड्रिल चालवत होते. मी सगळी बातमी वाचून दाखवली. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"ते आत्ता नाही म्हणून राह्यले काय?" ते म्हणाले. "आपण तं कवाच म्हणून आलतो."